गो, नोगो

मेहरून, आधी हातात काही घेऊ नकोस.
बघ नुसतं.
हा लेथ पुरात तीन दिवस पाण्याखाली होता,
बेडच्या कडेला अजून कृष्णेच्या गाळाची रेघ आहे,
पुसून न जाणारी.
दुकानदार म्हणतोय, चाचा, रंग मारून देतो.
नको म्हणावं. रंग मारलेलं यंत्र
लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखं असतं,
त्याचं खरं काही कळत नाही.

आपण शिकलगार. तुझा पणजा
पायाने साण फिरवत मिरजेच्या गल्ल्यांत
सुऱ्या, अडकित्ते, विळ्या लावून द्यायचा.
मी पलटणीच्या कोतात बसलो, बावीस वर्षं.
रायफलची नळी खिडकीकडे धरायची
आणि एक डोळा मिटून आत बघायचं:
उजेडाची विहीर,
तिच्या भिंतीला वळत खाली गेलेल्या पायऱ्या.
एवढं सुंदर काही मी बाहेर फार थोडं पाहिलं.

नळीच्या मागच्या टोकाला काडतुसाचं घर.
ते मोजायला दोन पोलादी गुटके, डबीत शेजारी शेजारी.
गो घातला की बोल्ट मिटला पाहिजे.
नोगो घातला की मिटता कामा नये.
दोघांच्या मध्ये केसाएवढी जागा,
त्या जागेवर माझा पगार, माझी झोप.

एकदा नोगोवर बोल्ट मिटला.
पुरता नाही. मिटल्यासारखा.
सकाळी पाहणी होती, सुभेदार दारात उभे,
मी लाल शेरा मारला नाही.
काही झालं नाही.
आजपर्यंत काही झालं नाही, मेहरून.
नंबराचे शेवटचे तीन आकडे चारशे सतरा,
तुझ्या चाचीचा वाढदिवस मी विसरतो.

असो. रीमर बघ.
चकाकी बघू नकोस, धारेवर नख आडवं टेकव.
नखाचा पापुद्रा निघाला तर धार आहे,
घसरलं तर ठेवून दे.
हा मोठा नको, हा कुणीतरी उलटा फिरवलाय.
रीमर कधी उलटा फिरवायचा नसतो.
बाहेर काढतानासुद्धा सुलटाच फिरवत काढायचा.
तुला काँप्युटरवाला कॅलिपर हवाय, ठाऊक आहे,
पण त्याची बॅटरी संपते रविवारी,
आणि कामं येतात रविवारीच.

गल्लीत विचारतात, चाचा, घरी बंदुका करणार काय?
बीटचा हवालदारसुद्धा चहा पिता पिता
हसत विचारून गेला, हसणं जरा लांबवून.
त्याला सांगितलं, हळदीच्या पॉलिशच्या ढोलाचे बुश.
उसाच्या चरकाचे बुश. पंपाचे.
भोक ते भोकच, साहेब,
सरळ असलं पाहिजे, गोल असलं पाहिजे,
त्यातून काय जायचंय
ते सरकार बघेल.

आता डायल लाव स्पिंडलला.
हाताने फिरव, सावकाश,
बाळाचं डोकं वळवतात तसं.
मी सुईकडे बघणार नाही.
माझे डोळे आता दहा मायक्रॉनला दोन रेघा दाखवतात.
तू बघ, तू सांग.

ती फिरवते. थांबते.
परत फिरवते.
मागे दुकानदार किंमत उतरवत चाललाय,
पंचेचाळीस, चाळीस, चला तुमच्यासाठी अडतीस,
आणि ही आयटीआयची पोर, नखांत ग्रीस,
ओढणीचं टोक कमरेत खोचलेलं,
भर दुकानात त्याच्या तोंडावर म्हणते,
नोगो, चाचा.

मी म्हणालो, नीट बघ, स्वस्त आहे.
खरंच म्हणालो. जीभ परत तिकडेच गेली.

ती सुईवरून नजर न काढता म्हणाली,
बघितलं.

डायल आणि दोन रीमर घेतले,
तेलकट कापडात गुंडाळून, माझ्या जुन्या डबीत.
लेथ पुढच्या महिन्यात बघू, माधवनगरला एक आहे म्हणतात.
बसमध्ये ती खिडकीशी बसली,
एक डोळा मिटून
तिकिटाच्या सुरळीतून बाहेर बघत.